सादतचे उरलेले चार तास

सादत सात इयत्ता शिकली आणि मग एकोणीस वर्षं कॉलेजात गेली. कॉलेजात म्हणजे कॉलेजच्या व्हरांड्यात, बादली आणि पोतेरं घेऊन. पशुपालन शिकवणारं ते कॉलेज तालुक्याच्या गावी होतं, सादतच्या गावापासून बसने अर्ध्या तासावर. मेंढ्यांचे रोग, गवताच्या जाती असलं काही शिकवत असले की ती भराभर फरशी पुसून पुढे सरकायची. पण मंगळवारी आणि शुक्रवारी दुइशोन मास्तर अर्थशास्त्र शिकवायला उभे राहिले, की तेरा नंबरच्या खोलीबाहेरची फरशी तिला कितीही पुसली तरी मळकीच वाटायची.

मास्तरांचा आवाज खणखणीत होता. दरवर्षी तोच धडा, तेच उदाहरण. एक कापडगिरणी आहे. तिथे एक मजूर आठ तास राबतो. पहिल्या चार तासांत तो आपल्या पगाराइतकं कापड विणतो. मग त्याने घरी जायला हवं, नाही का? पण तो जात नाही. उरलेले चार तास तो विणतच राहतो आणि ते कापड मालकाचं होतं. "का?" मास्तर टेबलावर खडू आपटून विचारायचे. "मालक दुष्ट आहे म्हणून? नाही. मालक देवमाणूस असला तरी हेच होणार. माग मालकाचा आहे म्हणून. मजुराकडे विकायला स्वतःच्या हातांशिवाय काही नाही म्हणून."

वर्गातली पोरं पेंगत असायची. दाराबाहेर सादत पोतेरं पिळता पिळता शब्द न् शब्द मनात घोळवायची. एकदा तास संपल्यावर तिने धीर केला.

"मास्तर, एक विचारू? झाडूवालीचे उरलेले चार तास कुणाकडे जातात?"

मास्तर हसले. आजवर एकाही विद्यार्थ्याने त्यांना प्रश्न विचारला नव्हता. "आपल्याकडे मालकच नाही, सादत. तुझे चार तास फिरून तुझ्याकडेच येतात. दवाखाना आहे, शाळा आहे, उद्या तुला मूल झालं की त्याचं दूध आहे."

सादतला ते पटलं. दवाखाना खरंच होता आणि पुढे जिबेक झाली तेव्हा दूधही मिळालं. भाबडी होती म्हणा. पण त्या वेळी सगळा देशच भाबडा होता, तिला एकटीला कशाला बोल लावायचा.

मग ते मालक नसलेलं राज्यच कोसळलं. कॉलेजला कुलूप लागलं आणि तेरा नंबरच्या खोलीत कुणीतरी सिगारेटी आणि वोडका विकायला बसलं. त्याच हिवाळ्यात सादतचा नवरा छातीच्या दुखण्याने गेला. सहा वर्षांची जिबेक आणि ती, दोघीच उरल्या. गावच्या सामूहिक शेतीसंस्थेची वाटणी झाली तेव्हा सादतच्या वाट्याला पाच मेंढ्या आणि ओढ्यापलीकडचा एक खडकाळ तुकडा आला. लोकर साठवायची शेड आणि लोकर पिंजायचं मोठं यंत्र कोठारप्रमुखाच्या घरी गेलं. कसं गेलं, असं आज कुणी विचारलं तर सगळे एकमेकांकडे बघतात. जबरदस्ती कुणी केली नव्हती. सभा झाली होती, सह्या झाल्या होत्या. गावात वीज दिवसाला दोन तास यायची, तिथे असलं लोखंडाचं धूड घेऊन करायचं काय? मेंढीला निदान पिल्लू होतं. लोकांनी हसत हसत सह्या केल्या.

सादतनेही केली. मागाचा धडा एकोणीस वर्षं ऐकलेली बाई, पण माग प्रत्यक्ष समोर उभा राहिला तेव्हा तिला तो ओळखू आला नाही.

आमच्या डोंगरात नमदा, म्हणजे लोकर दाबून केलेलं जाड कापड, एकट्या बाईच्या हातून होत नाही. लोकर झोडपायची, बोरूच्या चटईवर थर लावायचे, वर उकळतं पाणी शिंपडायचं, चटईसकट गुंडाळी करून दोरीने ओढत, लाथा मारत अंगणभर फिरवायची. मग गुंडाळी सोडायची आणि आठ-दहा बायकांनी रांगेत गुडघे टेकून कोपरापासून मनगटापर्यंतचे हात दाबत ती पुन्हा पुन्हा लाटायची, लोकरीचा तंतू न् तंतू एकमेकांत अडकेपर्यंत. पाणी गरम असतानाच हे सगळं व्हायला हवं. म्हणून अशार असतो. अशार म्हणजे इर्जिक. आज तुझ्या अंगणात, पुढच्या महिन्यात माझ्या. घरधनीण मेंढी कापते, चहा करते, तळलेल्या पिठाच्या बोरसोकांचा ढीग लावते. सासवांच्या नकला होतात, तरण्या पोरींच्या लग्नावरून चेष्टा होते. कोण किती वेळा आलं हे कुणी लिहून ठेवत नाही. जी आली नाही ती मात्र सगळ्यांच्या लक्षात राहते.

सादत कधी चुकली नाही. कॉलेजात असतानासुद्धा रविवारी ती कुणा ना कुणाच्या अंगणात गुडघे टेकून असायची. तिने स्वतःसाठी मात्र एकदाही अशार बोलावला नव्हता. दरवर्षी पाच मेंढ्यांची शरदातली लोकर ती धुऊन, वाळवून पोत्यात भरून ठेवायची. एक नमदा करायचा, त्याचा शिरदाक शिवायचा, म्हणजे रंगीत नक्षी जोडलेला गालिचा, जाड, दोन माणसांना उचलायला लागेल असा, आणि तो जिबेकच्या लग्नात तिच्यासोबत द्यायचा, एवढंच तिच्या मनात होतं. आईच्या हातचा शिरदाक घेऊन आलेल्या सुनेला चुलीपाशी बसवतात. रिकाम्या हाताने आलेलीचे हातच काय ते उपयोगाचे, असं आमच्याकडच्या सासवा तोंडावर म्हणतात. जिबेकला असं कुणी म्हणू नये, यासाठी सादतचा जीव तुटत होता.

वीज परत आली तशी कोठारप्रमुखाच्या सुनेला, गुलबाराला, शेडमधल्या धुडाची आठवण झाली. गुलबारा हुशार, गोड बोलणारी. राजधानीत तिची कुणी मैत्रीण होती, तिच्यामार्फत परदेशी लोक शिरदाक मागवू लागले. गुलबाराने काय केलं, तर गावाला अशार घातला. बायका गेल्या, का जाणार नाहीत? मेंढी कापली होती, हसणं-खिदळणं झालं. पुढच्या महिन्यात पुन्हा अशार. त्याच्या पुढच्या महिन्यात दोन.

चौथ्या खेपेला चहा पिता पिता सादतने विचारलं, "गुलबारा, तुला मुली किती गं?"

"एकही नाही, एजे. दोन मुलगेच." एजे म्हणजे थोरली बहीण. गुलबारा सगळ्यांनाच एजे म्हणायची आणि मनापासून म्हणायची.

"मग सासरी कुणाला पाठवतेस एवढे नमदे?"

बायका खो खो हसल्या. गुलबाराही हसली, पण तिचे कान लाल झाले. पुढच्या खेपेपासून प्रत्येकीला पिठाची एक पिशवी मिळू लागली आणि वर्षभरात नगावर पैसे. शेडला खिडक्या बसल्या, चूल आली. नाव मात्र बदललं नाही. सकाळी आठला जायचं, पाचला परतायचं, तरी बायका म्हणायच्या, "अशाराला निघाले." मजुरीला निघाले असं म्हणायला जीभ वळत नव्हती. मजुरी परक्याची करतात, गुलबारा तर घरची.

दुइशोन मास्तरही तिथेच आले. पेन्शनमध्ये हिवाळ्याचा कोळसा येत नव्हता. गुलबाराने त्यांना टेबलखुर्ची दिली. तयार झालेल्या प्रत्येक शिरदाकाच्या कोपऱ्यात एक कापडी पट्टी शिवायची असे, तिच्यावरचा मजकूर मास्तरांचा: 'आमच्या डोंगरातल्या भगिनींनी पूर्वापार प्रथेप्रमाणे, एकमेकींच्या साहाय्याने, अशारात घडवलेला.' गिऱ्हाइकांना तो मजकूर फार आवडतो, असं गुलबारा सांगायची.

एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत सादतने बायकांना तो धडा सांगितला. गिरणी, मजूर, चार तास आणि चार तास. अगदी खडू आपटायच्या जागी तिने चमचा आपटला.

तिच्यासोबत एकाच शिरदाकावर शिवायला बसणारी रापिया हसून म्हणाली, "ऐका, ऐका. झाडूवाली प्रोफेसर झाली."

"मी नाही म्हणत. हे बसलेत ना मास्तर, त्यांना विचारा."

सगळ्या मास्तरांकडे वळल्या. मास्तरांनी चष्मा काढला, पुसला. "तो पेपर आता कुणी काढत नाही, सादत."

"पेपर नसू दे. खरं होतं की खोटं?"

"खरं असून उपयोग काय? ती गुलबारा काय वाईट आहे का?"

"मालक देवमाणूस असला तरी, असं तुम्हीच म्हणायचात."

मास्तरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. तुर्सून नावाची एक घारी, तोंडाळ बाई होती, तिने मध्ये तोंड घातलं. "एजे, तुझे ते उरलेले चार तास तुलाच दिले, तर घरी बसून काय करणारेस? तुझ्याकडे काय पिंजायचं यंत्र आहे?" त्यावर पुन्हा हशा पिकला. सादतही हसली, कारण तुर्सून बरोबर बोलली होती. मास्तरांनी अख्ख्या तासात जे सांगितलं ते या बाईने एका वाक्यात सांगितलं होतं.

जिबेक विसाव्या वर्षात आली तेव्हा नदीपलीकडच्या गावातून मागणं आलं. मुलगा चांगला, वाहनं दुरुस्त करणारा. लग्न वसंतात ठरलं. नमदा लाटायला सप्टेंबर हवा, म्हणजे हिवाळाभर शिवण होते. सादतने लोकरीची पोती मोजली, पुरेशी होती. शनिवार ठरवला आणि ती घरोघर अशार सांगत फिरली. सगळ्यांनी हो म्हटलं. "येणार म्हणजे काय, एजे. आयुष्यात पहिल्यांदा बोलावतेस," रापिया म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. खोटं नव्हतं त्यात काही.

बुधवारी राजधानीतून फोन आला. चाळीस शिरदाकांचे नमदे हवेत, गाडी सोमवारी येणार. गुलबारा स्वतः सादतच्या घरी आली, सोबत साखर घेऊन.

"एजे, तुझा शनिवार मला माहीत आहे. तू काळजी करू नकोस. लोकर शेडवर पाठव, यंत्रावर फुकट पिंजून देते. आणि शनिवारी पाच बायका तुझ्याकडे पाठवते. त्यांचा दिवस मी भरून देईन, त्यांचं नुकसान नको."

याहून चांगलं कोण बोलतं? सादतने चहा ओतला, वाटी तिच्यापुढे सरकवली.

"तू पाठवशील, तर तो तुझा अशार झाला, गुलबारा."

"त्यात काय फरक पडतो?"

"तीस वर्षं मी कुणी पाठवलं म्हणून गेले नाही. त्यांनी आपल्या पायांनी यावं."

"येतील ना. मी कुणाला अडवत नाही." गुलबारा खरंच अडवणार नव्हती. जाता जाता दारात ती एवढंच म्हणाली, "फक्त गाडी सोमवारची आहे. आणि खालच्या गावच्या बायका कधीपासून कामाला विचारतायत, ते यांना ठाऊक आहे."

शनिवारी सकाळी सादतने पाचातली एक मेंढी कापली. मोठ्या कढईत पाणी ठेवलं. जिबेकने अंगण झाडून बोरूची चटई अंथरली. आठ वाजले, नऊ वाजले. शेजारची कालिचा आजी तेवढी काठी टेकत आली. ती ऐंशीच्या पुढची, ठार बहिरी. तिला शेडवर कुणी घेत नव्हतं, म्हणून मोकळी. "बाकीच्या कुठायत?" तिने मोठ्याने विचारलं. सांगितलं असतं तरी तिला ऐकू आलं नसतं.

दहा वाजता पाणी आटायला लागलं. सादत म्हणाली, "लाव थर." मायलेकींनी लोकर अंथरली, पाणी शिंपडलं, गुंडाळी बांधली. दोघी दोरी ओढत होत्या आणि म्हातारी मागून काठीने ढकलत होती. मग तिघी गुडघ्यावर बसल्या. दहा बायकांची रांग लागते तिथे तिघी. मधली जागा दाबावी तर कडा सुटत होत्या, कडेला जावं तर मध्य थंड पडत होता. जिबेकच्या हाताची सालटी निघाली. शेडवरच्या यंत्राची घरघर ओढ्यावरून स्पष्ट ऐकू येत होती.

साडेपाचला बायका आल्या. सगळ्याच्या सगळ्या, चौदाजणी, माना खाली घालून. कुणी बोरसोक आणले होते, कुणी साखरेचा पुडा. एकीनेही सबब सांगितली नाही. त्यांनी बाह्या वर केल्या तेव्हा सादतने त्यांचे हात पाहिले. दिवसभर लाटून कोपरापर्यंत सुजले होते, लाल झाले होते. तरी त्या रांगेत बसल्या आणि अर्धा तास दाबत राहिल्या. कुणी सासूची नक्कल केली नाही. मग रापिया आणि तुर्सूनने नमदा झटकायला उचलला आणि तो मधोमध फाटला. ओल्या लोकरीचे पुंजके चटईवर पडले.

"पुन्हा लावू या का?" रापियाने हळूच विचारलं.

"कधी?" सादतने विचारलं.

कुणी दिवस सांगू शकलं नाही. सादतने सगळ्यांना मांस वाढलं. अशाराला आलेल्या बाईला उपाशी पाठवत नाहीत. त्या जेवल्या, ताटं धुऊन ठेवली आणि गेल्या. कालिचा आजी मात्र पुंजके गोळा करून पोत्यात भरत बसली होती.

त्या रात्री सादत रडली, हे जिबेकने पाहिलं. नवरा गेला तेव्हाही ती इतकी रडली नव्हती. त्या बायकांचा तिला राग आला नाही आणि तेच जास्त दुखत होतं. राग धरायला कुणी सापडत नव्हतं. गुलबारा गोड होती, रापिया जिवाभावाची होती, मास्तर म्हातारे झाले होते. सगळेच चांगले होते आणि तिच्या अंगणात कुणी नव्हतं.

सोमवारी ती गुलबाराकडे गेली. हिवाळाभर सादत आणि जिबेक दोघी शिवतील, त्या बदल्यात वसंतात एक शिरदाक द्यायचा, असं ठरलं. गुलबाराने लगेच हो म्हटलं, वर जिबेकला नवा रुमाल दिला. ऑक्टोबर ते मार्च मायलेकी शेडवर बसल्या. फेब्रुवारीत सादतच्या पुढ्यात एक लाल-निळा शिरदाक आला, बकऱ्याच्या शिंगांची नक्षी असलेला. डावी बाजू तिने शिवली, उजवी जिबेकने. शिवताना तिने त्याच्याकडे फारसं लक्ष दिलं नाही, तो कुणाच्या घरी जाणार याचा पत्ता नव्हता. मार्चअखेर गुलबाराने तोच काढून दिला. "तुमच्याच हातचा, एजे. मुद्दाम बाजूला ठेवला होता." कोपऱ्यात मास्तरांची पट्टी शिवलेली होती. सादतने ती उसवायला घेतली, पण दोरा पक्का होता आणि नमदा ओरखडला असता, म्हणून तशीच राहू दिली.

लग्नानंतर सादत नदीपलीकडे गेली, तेव्हा सासरच्या बायकांसमोर जिबेकचं सामान मांडलं गेलं. शिरदाक उलगडला तशी खोली उजळली. विहीणबाई बातमा रुंद चेहऱ्याची, मोकळी बाई होती. तिने पट्टी हातात धरून सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवली. एकमेकींच्या साहाय्याने, अशारात घडवलेला. म्हाताऱ्या बायकांनी माना डोलावल्या.

"आता अशी गावं राहिली नाहीत," एकजण सादतला म्हणाली. "भाग्यवान आहात, विहीणबाई."

सादतने चहाची वाटी तोंडाला लावली.

जिबेकला चुलीपाशी बसवलं. सादतला हायसं वाटलं, एवढ्यासाठीच सगळं केलं होतं. मग बातमाने सुनेचे दोन्ही हात हातात घेतले, उलटे केले आणि बोटांच्या पेरांवरचे घट्टे सगळ्यांना दाखवली.

"हे बघा. शिवणारे हात आहेत. गुलबाराची दुसरी शेड पुढच्या महिन्यात आमच्याकडे निघतेय. बारा बायकांनी नंबर लावलेत, पण मी आधीच सांगून ठेवलंय, आमच्या सुनेची जागा धरा म्हणून." तिने अभिमानाने सादतकडे पाहिलं. विहिणीला आनंद व्हावा, एवढाच तिचा हेतू होता.

"किती तास?" सादतने विचारलं.

"तास कोण मोजतं, विहीणबाई? आपलीच माणसं. अशारच तो."

निघताना जिबेक फाटकापर्यंत पोचवायला आली. बस दिसायला लागली होती. सादतने लेकीचा रुमाल सारखा केला आणि तिच्या कानाशी म्हणाली, "चार तास झाले की उठत जा गं."

जिबेक हसली. तिने तो धडा लहानपणापासून ऐकला होता. "उठून कुठे जाऊ, आई?"

सादत आठवत राहिली. मास्तर तेही सांगत असणार, त्याशिवाय एवढं जाड पुस्तक कशाला होतं. पण तो धडा अगदी शेवटी होता. तिथपर्यंत पोचेतो मे महिना उजाडायचा आणि सादतला परीक्षेच्या खोल्या धुवायला वरच्या मजल्यावर पाठवायचे.